धूळ, स्लाइड आणि आपला उतावीळपणा

महाविद्यालयांच्या कपाटांत आणि घरोघरच्या पत्र्याच्या डब्यांत पडून राहिलेल्या जुन्या रंगीत स्लाइड्स स्कॅन करून ठेवण्याचा उत्साह आज सर्वत्र दिसतो. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु या उत्साहाबरोबर एक समजूतही रूढ होऊ पाहत आहे आणि तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. स्लाइड म्हणजे केवळ टरफल. चित्र एकदा संगणकात उतरले की तिचे काम संपले. तेव्हा ती हाती लागेल त्या फडक्याने पुसावी, उरलेले डाग सॉफ्टवेअर काढील, अशी ही समजूत आहे.

कागदावरचे छायाचित्र खराब झाले तर निगेटिव्हवरून दुसरी प्रत काढता येते. स्लाइडला अशी दुसरी संधी नसते. कॅमेऱ्यात जी फिल्म होती, तीच प्रक्रिया होऊन चौकटीत बसलेली असते. अभ्यासकाच्या भाषेत सांगायचे तर, ही प्रत नव्हे, एकमेव हस्तलिखित आहे. ३५ मिलिमीटरच्या कोडाक्रोम स्लाइड्स १९३६ पासून निघू लागल्या. २००९ मध्ये कोडॅकने त्या फिल्मचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. त्या काळाचे जे रंग या चौकटींत टिकले आहेत, ते पुन्हा निर्माण करण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

हे हस्तलिखित ज्यावर लिहिलेले असते तो थर जिलेटिनचा असतो. फिल्मची एक बाजू चकचकीत आणि दुसरी किंचित मंद दिसते. चित्र या मंद बाजूस असते. जिलेटिन पाण्याने फुगते, मऊ पडते, आणि मऊ पडलेल्या थरावर धुळीचा एक कणही कानशीसारखा चालतो. बुरशी लागलेल्या ठिकाणी तर जिलेटिन पाण्यात विरघळण्याच्या स्थितीला आलेले असते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळे मिळते, आणि कोकणातला पावसाळा ही मर्यादा सहज ओलांडतो. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात वेरूळच्या लेण्यांच्या स्लाइड्स कोणी ओल्या फडक्याने 'स्वच्छ' केल्या. बुरशी गेली, आणि तिच्याबरोबर शिल्पांचे चेहरेही गेले. त्या स्लाइड्सवर आता एकही डाग नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे.

मग करावे काय? कमीत कमी हस्तक्षेप, आणि तोही क्रमाने. हात स्वच्छ व कोरडे ठेवावेत, शक्यतो हातमोजे घालावेत आणि स्लाइड चौकटीलाच धरावी. प्रथम तिरक्या प्रकाशात ती नीट पाहावी. धूळ कोणती, ओरखडा कोणता आणि बुरशीचे जाळे कोणते, हे ओळखल्याखेरीज हात चालवू नये. धूळ रबरी ब्लोअरने उडवावी. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात. दाबाच्या हवेचा डबा कलला तर त्यातून थंड द्रव उडतो, म्हणून तोही टाळावा. त्यानंतर अत्यंत मऊ, कोरडा ब्रश. बहुसंख्य स्लाइड्सचे काम इथेच संपते, आणि संपू द्यावे. तेलकट ठसा उरलाच, तर फिल्मसाठीचे द्रावण किंवा ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणाऱ्या कापडावर अगदी थोडे घेऊन, न दाबता फिरवावे. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांच्या द्रावणात उरलेला भाग मुख्यतः पाणीच असतो, हे विसरू नये. प्रयोग आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या स्लाइडवर करावा. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी.

'एवढे कशाला? स्कॅनरच धूळ काढतो,' असा यावर आक्षेप येतो. ४००० डीपीआयला स्कॅन केले तर प्रत्येक बिंदू सुमारे सहा मायक्रॉनचा असतो. म्हणजे एक साधा केस दहाबारा बिंदूंची रुंदी व्यापतो. त्याखाली काय होते, हे यंत्राला ठाऊक नसते. ते शेजारच्या बिंदूंवरून अंदाज बांधते आणि जागा भरते. अवरक्त किरणांनी धूळ ओळखण्याची युक्ती चांगली आहे. परंतु कृष्णधवल फिल्ममधील चांदी ते किरण अडवते आणि कोडाक्रोमच्या बाबतीतही ही युक्ती अनेकदा फसते. तिथे यंत्र चित्रालाच धूळ समजते.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. खंडित ओवीत लेखनिकाने पदरचा चरण घालावा, तसेच हे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी वगळलेले श्लोकही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. निर्णय घेतला, पण पुरावा नष्ट केला नाही. तोच न्याय इथे लावावा: दुरुस्त प्रतीबरोबर दुरुस्ती न केलेले स्कॅनही ठेवावे. चौकटीवरची अक्षरे, तारखेचे ठसे आणि अनुक्रमांक आधी टिपून घ्यावेत, कारण अल्कोहोलने शाईही जाते. आणि मूळ स्लाइड कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी परत ठेवावी, रद्दीत नव्हे.

वेळ नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. दोन हजार स्लाइड्स घाईने खरवडण्यापेक्षा दोनशे नीट हाताळाव्यात. उरलेल्या तशाच, पण कोरड्या जागी ठेवाव्यात. स्लाइडवरची धूळ पुढच्या पिढीलाही झाडता येईल. आपण घातलेला ओरखडा मात्र तिला भरून काढता येणार नाही.