संगणक-कट्टा : यादीतलं जुनं नाव

मंडळी, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा आधार संपला, म्हणून आम्ही शेजारच्या पार्टिशनवर विंडोज ११ बसवलं. तेव्हापासून संगणक सुरू करताना दोन नावं समोर येतात, आणि काही निवडलं नाही तर ३० सेकंदांचा खोळंबा! जुनं नाव काढायला हात धजेना. तिथं आईच्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या.

भीती अनाठायी निघाली. नव्या विंडोजमध्ये शिरून विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, 'एमएसकॉन्फिग' लिहा, 'बूट'खाली जुनं नाव निवडून 'डिलीट' आणि मग 'ओके'. जातं ते यादीतलं नाव. फायली जागच्या जागी. 'फॉरमॅट'च्या वाटेला मात्र जाऊ नका, पत्रं जातील ती त्यानं. आम्ही तरी आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलीच.