ट्रॅक्टर सुरू न झाल्यास प्रथम बॅटरी पाहावी

जमिनीस वाफसा येतो आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर अडून बसतो. किल्ली फिरविली तरी इंजिन फिरत नाही. तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत वाफसा निघून जातो. वस्तुतः दोष पुष्कळदा इंजिनात नसून बॅटरीत वा तिच्या जोडणीत असतो, आणि तो ओळखणे शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहे.

प्रथम दिवे लावून पाहावे. ते मुळीच न लागल्यास तार सुटली आहे, फ्यूज उडाला आहे किंवा बॅटरी पूर्ण उतरली आहे असे समजावे. दिवे लागून किल्ली फिरविताच मंदावत असतील, तर बॅटरी अशक्त असते किंवा तिच्या टोकांवर क्षार साचलेला असतो. ते प्रखरच राहिले, तर क्लच पूर्ण दाबून पाहावा. तरीही इंजिन न फिरल्यास मिस्त्रीस बोलवावे.

विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असावा. १२ च्या खाली गेल्यास ती चार्ज करावी. टोके साफ करताना ऋण तार आधी काढावी व शेवटी जोडावी. क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. आत केवळ डिस्टिल्ड पाणीच भरावे. जवळ विडी ओढू नये, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो.

बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक गावोगाव होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी बॅटरीचेही प्रात्यक्षिक दाखवावयास हवे. बियाणे कितीही उत्तम असले, तरी वेळ टळलेल्या पेरणीची भरपाई ते करू शकत नाही.