रांगेतली पुढची बाई

रांगेत उभं असताना आपल्याला सर्वांत जास्त राग कोणाचा येतो? दुकानदाराचा नाही. सरकारचा तर नाहीच, ते त्या वेळी आठवतही नाही. राग येतो आपल्या पुढच्या बाईचा. ती पर्समध्ये सुटे शोधत असते. तिला ऐन वेळी आठवतं की हिंग राहिला, आणि 'एवढंच घेऊन येते हं' म्हणून ती सामान काउंटरवर तसंच टाकून पळते. तिच्या कडेवरचं मूल काउंटरशेजारच्या चॉकलेटांना हात घालतं, आणि तिचं लक्ष नसतं. आपण मागे उभ्या राहून मनातल्या मनात तिचा सगळा संसार बेशिस्त ठरवून मोकळ्या होतो.

पाचगणीच्या गेल्या बैठकीत विषय खरं म्हणजे महागाईचा होता. तेलाच्या भावावर बोलता बोलता गाडी घसरली ती बझारमधल्या रांगेवर. मग जो तो आपापला राग सांगू लागला. एक गोष्ट त्यात सारखी जाणवत होती. तासभर चाललेल्या त्या तक्रारींमध्ये जवळजवळ प्रत्येक दोषी व्यक्ती बाईच होती. पुरुष रांगेत नसतात असं नाही. मोबाइलवर बोलत बोलत एका हाताने सामान मांडणारे, पिन दोनदा चुकवणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण 'कामात असेल बिचारा' ही सवलत त्यांना आपसूक मिळते. बाईला मात्र घर, बाजार, हिशेब हे सगळं यायलाच हवं, कारण ते 'तिचं काम'. त्यात ती अडखळली की आपल्यातलीच सासू जागी होते.

पाचगणीसारख्या गावात हे जास्त ठळक दिसतं, कारण इथं एकाच रांगेत अनेक घड्याळं उभी असतात. मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ, नाहीतर शाळांमध्ये पालक येण्याचे दिवस. पुढे पुण्या-मुंबईचं कुटुंब, ट्रॉलीत चिप्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. ते सुट्टीवर आहेत, त्यांचा वेळ त्यांनी विकत आणलाय. त्यांच्या मागे एखाद्या वसतिगृहाच्या भटारखान्यात पोळ्या लाटणाऱ्या मावशी, दुपारच्या दोन तासांच्या सुट्टीत आलेल्या. त्यांच्या मागे खिंगरची नाहीतर भिलारची कोणी, दिवसभर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत वाकून आलेली, हातात तेलाची पिशवी, साबण आणि चहापत्तीचा पुडा. तिला शेवटची एसटी गाठायची आहे. (मार्च २०२३पासून बाईला एसटीत अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं, पण गाडी चुकली तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय?) ट्रॉलीवाल्यांची दहा मिनिटं आणि हिची दहा मिनिटं एका मापाने मोजता येत नाहीत. आणि तरी तिघींनाही एकमेकींचीच अडचण वाटते.

आता थोडं गणित करू. तीन काउंटर चालू असतील तर तुम्ही निवडलेली रांगच सर्वांत लवकर हलण्याची शक्यता तीनांत एक. म्हणजे तीनांपैकी दोन वेळा शेजारची कुठलीतरी रांग आपल्या पुढे जाणार. 'माझंच नशीब असं' यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली फोनच्या कॉलचा हिशेब मांडला, आणि त्यातून पुढे रांगांचं एक शास्त्रच उभं राहिलं. त्यातली एक गोष्ट कोणत्याही दुकानदाराला सहज समजण्याजोगी आहे: प्रत्येक काउंटरपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी सगळ्यांची एकच रांग लावावी, आणि जो काउंटर मोकळा होईल तिथं पुढच्याने जावं. मग एका बाईच्या सुट्ट्या पैशांपायी तिच्या मागच्या सातजणी अडकून पडत नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून साधी. गर्दी वाढत जाऊन काउंटरच्या ताकदीच्या जवळ पोचली की वाट पाहण्याचा वेळ सरळ चढत नाही, एकदम उसळतो. ऐन सीझनमध्ये तीनांपैकी एकच काउंटर चालू ठेवला की काय होणार, हे मालकाला ठाऊक असतं. एक पगार वाचतो. त्या पगाराची किंमत रांगेतल्या बायका आपल्या वेळाने भरतात, आणि भांडतात मात्र आपापसांत.

त्या काउंटरवर बसलेली मुलगी, खरं म्हणजे उभी असलेली मुलगी, तिच्याबद्दल आपण बैठकीत सर्वांत शेवटी बोललो. रांगेचा सगळा राग तिच्या तोंडावर फुटतो, आणि बिल चुकलं तर मागून मालकाचा. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या विक्रेत्या मुलींना दिवसभर बसायला मिळत नसे, लघवीला जायची सोय नसे. पी. विजी यांच्या पुढाकाराने 'पेणकूट्टू' या संघटनेने त्यावर वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१८ साली केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क मान्य केला. तामिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. 'बसण्याचा हक्क'! ऐकून हसू येतं, आणि मग पायांकडे लक्ष जातं. आपल्या भागातल्या दुकानांत काउंटरमागे स्टूल आहे का, हे त्या दिवशी बैठकीतल्या एकीलाही सांगता आलं नाही.

रांगेची बायकांना ओळख नवी नाही. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं, तेव्हापासून पिशवी आणि कार्ड बहुतेक बाईच्याच हातात राहिलं. कंट्रोलच्या दुकानापुढे, रॉकेलच्या गाडीपुढे, नळावर. रॉकेलचे डबे, हंडे, एखादा दगड, चप्पल. माणसाऐवजी वस्तू रांगेत उभी करून बाई घरी जाऊन भाकरी थापून येई, आणि शेजारीण तिच्या डब्यावर लक्ष ठेवी. तो काळ प्रेमाचा होता अशी गोड समजूत मात्र नको. नळावर झिंज्या धरलेल्या आपण पाहिल्या आहेत. पण १९७२च्या दुष्काळाच्या सुमाराला त्याच बायका वेगळं काही करू लागल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या, आणि लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल मिळत नाही ते पुढचीने जास्त उचललं म्हणून नव्हे, तर कोणीतरी गोदामात दाबून ठेवलंय म्हणून, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचा राग रांगेतून बाहेर पडून मंत्र्यांच्या दारापर्यंत गेला.

रांगेची एक चांगली बाजूही आहे, ती आपण फार लवकर विसरतो. 'आधी आला त्याला आधी' हा नियम आपल्या समाजात जुना नाही. गावच्या पाणवठ्यावर कोणी आधी भरायचं आणि कोणी दूर उभं राहून वरून ओतण्याची वाट पाहायची, हे जातीने ठरत होतं. त्यासाठीच १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. किराणा दुकानातही पायरीखाली थांबणाऱ्या होत्या. एका दलित मैत्रिणीने बैठकीत सांगितलं, 'मला तुमच्या त्या मॉलमधली रांग आवडते. तिथं मी माल स्वतःच्या हाताने उचलते, आणि माझ्या मागे कोणीही असलं तरी त्याला थांबावंच लागतं.' यावर थोडा वेळ सगळ्या गप्प होत्या. म्हणून मध्ये घुसणाऱ्यावर येणारा राग आम्हाला वाईट वाटत नाही. तो राग असायलाच हवा. 'फक्त एकच वस्तू आहे हो' म्हणत पुढे सरकणारा, ओळखीच्या नोकराला हाक मारून बाजूने बिल करून घेणारा, किंवा बायकांची रांग लहान आहे म्हणून तिकीट खिडकीवर अनोळखी बाईच्या हातात पैसे कोंबून 'ताई, दोन काढा ना' म्हणणारा, यांना मोठ्या आवाजात मागे पाठवावं. हळू असणारी आणि घुसणारा यांत फरक करायला आपण शिकलो तर निम्मी भांडणं संपतील.

हळू असणारीचं एक वेगळं रूप मात्र मन कुरतडतं. बिल होतं, आकडा काचेवर उमटतो, आणि ती हळूच म्हणते, 'हे शाम्पू राहू द्या. आणि ते बिस्किटंपण.' मुलगी जोरात हाक मारते, 'सर, कॅन्सल मारायचंय!' वरिष्ठ येईपर्यंत सगळी रांग थांबते, आणि सगळ्या रांगेला कळतं की हिच्याकडे चाळीस रुपये कमी आहेत. जुन्या वाण्याकडे असं नव्हतं. तिथं वही होती. ती वहीसुद्धा फास होती. वाणी तिच्यात काय लिहीत होता हे वाचायला येत नसलेल्या पिढ्या तिच्यात बुडाल्या. पण पैसे कमी पडल्याची गोष्ट वाणी आणि बाई यांच्यातच राहत होती. आता ती काचेवर दिसते. अशा वेळी मागून आलेला एक 'च्च' पुरेसा होतो. आपण तो केलेला आहे की नाही, हे प्रत्येकीने आपलं आपल्याला विचारावं.

आणि बझारची रांग तरी निवडलेली रांग आहे. रेशनच्या रांगेचं तसं नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला शिधापत्रिकेपुरतं कुटुंबप्रमुख केलं. कागदावर हा मोठा विजय आहे आणि तो आपल्यासारख्यांच्या मागणीशी जुळणाराच आहे. प्रत्यक्षात पॉस मशीनवर आजीचा अंगठा उमटत नाही. आयुष्यभर भांडी घासून, गवत कापून, मातीत हात घालून रेषा झिजलेल्या असतात. एकदा, दोनदा, पदराला पुसून तिसऱ्यांदा. मग रेंज जाते. डोंगरातल्या गावांत पावसाळ्यात रेंजचं काय होतं ते सांगायला नको. मागची रांग ओरडते ती आजीवर: 'म्हातारे, सुनेला पाठवायचं ना!' मशीनवर कोणी ओरडत नाही. जुलै २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हाही तेच. महिन्याला १५०० रुपये, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला. सेतू केंद्रांपुढे आणि तहसिलांपुढे बायकांची झुंबड उडाली. पुढे थोड्याच दिवसांत सरकारने अटी सैल केल्या, पिवळ्या-केशरी कार्डावर उत्पन्नाचा दाखला माफ केला. ज्यांनी त्याआधी मजुरी बुडवून रांगा लावल्या त्यांचे दिवस कोणी परत दिले नाहीत. त्या रांगांमध्ये बायकांना बायकांविषयीच 'हिला कशाला हवेत पैसे, हिच्या तर हातात बांगड्या आहेत' असं बोलताना आमच्या कार्यकर्त्यांनी ऐकलं.

सरकारच्याच २०२४च्या वेळवापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. जवळजवळ पाच तास आणि जेमतेम दीड तास. रांगेतल्या बाईची चिडचिड समजून घ्यायची तर हे दोन आकडे पुरेत. ती स्वभावाने कजाग नसते. तिच्या पाठीमागे गॅसवर ठेवायचं कुकर, शाळेतून यायचं मूल आणि सासऱ्यांचं औषध अशी दुसरी एक रांग उभी असते. ती रांग घरातल्या इतरांनी वाटून घेतली तर ही रांग इतकी बोचणार नाही. म्हणून 'बायांनो, जरा धीर धरा' असा उपदेश आम्हाला करायचा नाही. धीर धरण्याचं शिक्षण आपल्याला पाळण्यापासून मिळालंय. सोशिकपणाच्या नावाखाली काय काय सोसलं त्याची यादी या मासिकाच्या जुन्या अंकांत भरपूर सापडेल. संयम वेगळा. संयम म्हणजे राग गिळणं नव्हे, तो योग्य पत्त्यावर पाठवणं. पुढच्या बाईला 'असू द्या, होऊ द्या सावकाश' म्हणायचं आणि त्याच दमात मान वर करून मालकाला विचारायचं, 'दुसरा काउंटर का बंद आहे?'

पाचगणीच्या गटाने ठरवलंय की येत्या नाताळच्या सुट्टीत आठ दिवस आळीपाळीने घड्याळ घेऊन उभं राहायचं. बझारमध्ये आणि कंट्रोलच्या दुकानातही. किती काउंटर, त्यांपैकी किती चालू, रांगेत किती बायका, किती पुरुष, किती मिनिटं लागली, काउंटरवरच्या मुलीला बसायला काही आहे का, किती अंगठे पहिल्या फटक्यात उमटले. वाई, सातारा, कराड, सांगली, जिथं जिथं आपल्या मैत्रिणी आहेत तिथं त्यांनीही हे करावं, एक दिवस केलं तरी चालेल. नोंदी साध्या वहीच्या पानावर लिहून जानेवारी संपायच्या आत पाठवा. दुकानाचं नाव लिहू नका, गाव आणि वेळ मात्र नक्की लिहा. पुढच्या अंकात त्या छापू, आणि रेशनच्या नोंदींची एक प्रत तहसीलदारांकडे देऊ. ती द्यायला जाताना तिथंही रांग असेल, तेव्हा दोघी-तिघींनी मिळूनच जायचं ठरलंय.