मुहूर्त बाराचा, अक्षता अडीचला

यंदाच्या वैशाखात जळगाव-धुळ्यात घरचीच चार लग्नं झाली. मुहूर्त बाराचा, अक्षता अडीचला! नवरदेवाकडचे डीजेपुढे नाचत होते आणि पारा ४४ अंशांवर. धुळ्याच्या मांडवात आजीला भोवळ आली. हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे. पाहुण्यांना ताटकळत ठेवण्याच्या वरपक्षाच्या हक्काला मात्र कुणी हात लावत नाही.

आता माझं लग्न ठरलंय. वरण-बट्टी, वांग्याची भाजी हवीच. त्यावाचून खान्देशात लग्न कसलं? पण मुहूर्त गोरज, आणि डीजे नको. आजीची हळदीची अहिराणी गाणी यंदा एकदाही ऐकू आली नाहीत. बाबा म्हणाले, "मुलीकडच्यांनी असं सांगायचं असतं का?"

शेवटी मीच होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "डीजेवाल्याला इसार देऊन बसलोय, पोरी."