चित्रशाळेंतील शेवटचीं वर्षें

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून निघतो. मुलगा अथवा मुलगी चित्रकलेच्या महाविद्यालयांत जाऊं म्हणते, आणि वडील मंडळी, आढेवेढे घेऊन कां होईना, अखेर मान्यता देतात. पहिलीं दोन वर्षें समाधानांत जातात. फळांचीं, भांड्यांचीं, माणसांच्या चेहऱ्यांचीं चित्रें घरीं येतात व आल्यागेल्यास दाखवितां येतात. कसोटी लागते ती पुढें. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं चित्रांची ही आवक एकाएकीं मंदावते. जीं येतात त्यांचा अर्थ लागत नाहीं. आणि मूल आळसावलें तर नाहीं ना, अशी शंका घरांत डोकावूं लागते. ह्या शंकेचाच विचार आज करावयाचा आम्ही योजिलें आहे.

ललितकलेचा पदवी-अभ्यासक्रम आपल्याकडे सामान्यतः चार वर्षांचा असतो. त्याच्या पूर्वार्धांत प्रश्न शिक्षकाचा असतो आणि उत्तर विद्यार्थ्याचें. कोणती वस्तु काढावयाची, किती वेळांत काढावयाची, रंग कोणते वापरावयाचे, हें सारें ठरलेलें असतें. उत्तरार्धांत विद्यार्थ्यास चित्रशाळेचा एक कोपरा आणि एक रिकामी भिंत मिळते, आणि शिक्षक विचारतात, “तुम्हांस काय पाहावयाचें आहे?” ज्यानें आजवर दुसऱ्याचींच उदाहरणें सोडविलीं, त्याला स्वतःचें उदाहरण घालावयास सांगितलें तर तो कांहीं दिवस थबकणारच. हें थबकणें शिक्षणाचाच एक भाग आहे.

भिंतीपुढें असें उभें राहण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाहीं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून मुंबईची कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली. तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. पुढें नांवारूपास आलेले पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीं एक. लेण्यांतील अंधुक उजेडांत एकेका आकृतीपुढें दिवसचे दिवस बसावयाचें, हाच तेथील अभ्यास होता. ह्या प्रतींपैकीं पुष्कळशा १८८५ सालीं लंडनला साउथ केन्सिंग्टन येथील आगींत जळून गेल्या. चित्रें गेलीं, परंतु तीं करतांना हाताला व डोळ्याला जें वळण लागलें, तें आगीच्या आवाक्याबाहेरचें होतें.

दुसरें उदाहरण शांतिनिकेतनचें. तेथील हिंदी भवनाच्या भिंतींवर बिनोदबिहारी मुखर्जी यांनीं १९४६-४७ सालीं मध्ययुगीन संतांच्या जीवनावर भित्तिचित्र काढिलें. त्यांची दृष्टि जन्मापासूनच अत्यंत अधू होती. तरीही पूर्ण आकाराचा आराखडा आधीं भिंतीवर न उतरवितां त्यांनीं तें काम केलें. हाताखालीं विद्यार्थी होते, त्यांत के. जी. सुब्रमण्यन होते. १९५० सालीं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत ललितकलेची विद्याशाखा निघाली, तेथें हेच सुब्रमण्यन पुढें शिक्षक झाले. गुरु स्वतः काम करीत असतां त्याचें अडणें, थांबणें आणि फिरून आरंभ करणें शिष्यानें जवळून पाहावें, हा धडा कोणत्याही प्रश्नपत्रिकेंत मावणारा नव्हे.

आतां ह्या शेवटच्या वर्षांत विद्यार्थी दिवसभर करतो तरी काय, तें सांगितलें पाहिजे. एका मोठ्या चित्रामागें वहींतील कितीतरी लहान टांचणें असतात. कापड चौकटीवर ताणून त्यावर अस्तर द्यावें लागतें, आणि तें वाळेपर्यंत थांबावें लागतें. तैलरंगाचा थर सुकावयास कित्येक दिवस लागतात. खालचा थर कमी तेलाचा व वरचा अधिक तेलाचा ठेवावा लागतो, नाहींतर कालांतरानें रंगाला भेगा पडतात. पुष्कळदां आठवडाभर रंगविलेला भाग सुरीनें खरवडून काढावा लागतो. मग तें काम भिंतीवर टांगून शिक्षक व सोबती त्याची चिकित्सा करतात, आणि ‘असें कां केलें?’ ह्या प्रश्नाला उत्तर द्यावें लागतें. आठ दिवस राबून दाखवावयास कांहींच नाहीं, असें येथें सहज घडतें.

म्हणूनच चित्रांच्या संख्येवरून उद्योगाचें माप घेऊं नये. वासुदेव गायतोंडे यांनीं मुंबईच्या ह्याच कलाशाळेंतून १९४८ सालीं पदविका घेतली. पुढें ते वर्षाकाठीं मोजकींच चित्रें रंगवीत. त्यांचा बराचसा वेळ चिंतनांत जाई. त्यांच्या त्या मोजक्या चित्रांची योग्यता आज सर्वमान्य आहे.

ह्याचा अर्थ स्वस्थ बसण्याला मोकळीक, असा मात्र कोणीं घेऊं नये. गायतोंडे यांचें नांव पुढें करून दुपारपर्यंत अंथरुणांत लोळणारा विद्यार्थीही असूं शकतो. खरा शोध आणि आळस ह्यांतील भेद ओळखण्यास कलेचें ज्ञान लागत नाहीं. टांचणवही भरते आहे कीं नाहीं, चित्रशाळेंत जाण्याची वेळ पाळली जाते कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुरे. “किती चित्रें झालीं?” असें विचारण्यापेक्षां “ह्या आठवड्यांत काय खोडलेंस, आणि कां?” असें विचारावें. काम करणाऱ्याला ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें.

चरितार्थाची काळजी आईबापांनीं करूं नये, असें आम्ही म्हणणार नाहीं. मुलांना आयतीं उत्पन्नें ठेवणारीं घरें आपल्यांत थोडीं. परंतु त्या काळजीपोटीं शेवटच्याच वर्षीं संगणकावरील कामाचा एखादा वर्ग लावून द्यावयाचा, सायंकाळीं शिकवणी धरावयास लावावयाची आणि वर स्थळें पाहावयास आरंभ करावयाचा, हें बरें नव्हे. विशेषतः मुलींच्या बाबतींत हें फार होतें. स्वतःचा प्रश्न स्वतः शोधण्यासाठीं राखलेलीं हीं एक-दोन वर्षें तुकड्यातुकड्यांनीं संपलीं, तर तीं पुढें नोकरींत परत मिळत नाहींत. आणि नोकरी तरी कोणाला बोलावते? सांगितलें तेवढेंच करणारे हात पुष्कळ मिळतात. काय करावयाचें हें सुचणारी व्यक्ति विरळा.

तेव्हां वर्षअखेरीस महाविद्यालयाचें प्रदर्शन भरेल त्या वेळीं वडील मंडळींनीं अवश्य जावें. आपल्या मुलाच्या अथवा मुलीच्या भिंतीपुढें पंधरा मिनिटें उभें राहावें. अर्थ लागला नाहीं तरी चालेल. हें कशाचें चित्र, असें मात्र लगेच विचारूं नये. पहिला शब्द त्यांना बोलूं द्यावा.