बेपत्ता जवानाच्या घरचे पोर आणि शाळेचे नाटक



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागवड आणि खोडवा यांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा असला तरी शेतकऱ्याच्या घरातलाच आहे. नागपूर आणि फौज यांचे नाते जुने आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, नागपुरात हवाई दलाची मेंटेनन्स कमांड आहे. एक भाऊ रानात अन् एक भाऊ फौजेत, अशी घरे आपल्याला नवी नाहीत. अशा घरी एखाद्या दिवशी ‘जवान बेपत्ता’ एवढाच निरोप आला, तर मागे राहिलेल्या शाळकरी भावाने किंवा बहिणीने काय करावे? आमचे मत सरळ आहे. त्या पोराला शाळेच्या नाटकात काम करायचे असेल तर करू द्यावे. कुणी आडवे येऊ नये.

जवान शहीद झाला तर गाव लोटते, तिरंगा येतो, सलामी होते. दुःख डोंगराएवढे असते, पण ते काय आहे ते कळते. बेपत्ता झाला तर सुतक नाही, तेरवी नाही, आणि दिवाळी करायचीही चोरी. कायदा साधारण ७ वर्षे थांबायला सांगतो, जुनी रूढी १२ वर्षे. तोडणी झालेल्या रानात खोडवा धरता येतो. तोडणीही झाली नाही आणि पीकही उभे नाही, अशा रानाचे काय करायचे?

ही नुसती कल्पना नव्हे. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण २९ सप्टेंबर २०१६ रोजी चुकून नियंत्रण रेषेपलीकडे गेले. त्यांचा भाऊही लष्करातच. बातमीच्या धक्क्याने आजी गेली. २१ जानेवारी २०१७ रोजी चंदू परत आले, म्हणजे ती वाट सुमारे चार महिन्यांची. सगळ्यांचे नशीब असे नसते. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ पासून बेपत्ता आहेत. १९७१ च्या युद्धानंतर बेपत्ता राहिलेल्या ५४ जणांच्या यादीत त्यांचे नाव आहे. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, हाती काही लागले नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी हवाई दलाचे विमान १०२ जणांसह रोहतांगच्या बर्फात हरवले. त्यातल्या आणखी चौघांचे देह सप्टेंबर २०२४ मध्ये सापडले. घरचे ५६ वर्षे थांबले होते.

अमेरिकेतल्या अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरांचा अभ्यास केला. माणूस मनात हजर आणि घरात गैरहजर, अशा दुःखाला शेवटच सापडत नाही, असे त्यांनी मांडले.

अशा घरात मोठ्यांना कामे असतात. बाप कार्यालयांचे उंबरठे झिजवतो, आई देवाला नवस बोलते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला मात्र काहीच काम नसते. ते रडले तर ‘अभद्र बोलू नको’ आणि हसले तर ‘लाज नाही वाटत?’ त्यातून स्नेहसंमेलनाच्या नाटकात त्याने नाव दिले की चावडीवर सुरू होते, “भावाचा पत्ता नाही अन् हे पोट्टं तोंडाले रंग लावून नाचते!”

बोलणाऱ्यांनी थोडे थांबावे. तालीम रोज ठरल्या वेळी असते, म्हणजे त्या पोराच्या दिवसाला एक खुंटी मिळते. नाटकात दहा जण त्याच्या वाक्यासाठी थांबलेले असतात, म्हणजे त्याच्यावाचून कुणाचे तरी अडते. घरी जे रडता येत नाही ते दुसऱ्याच्या नावाने रडता येते. आणि नाटकाचा शेवट ठाऊक असतो. घरी जे कुणालाच सांगता येत नाही, ते तिथे लिहिलेले असते.

आपल्या मातीला हे नवे नाही. दिवाळीनंतर भाऊबीजेच्या सुमारास गावोगाव मंडई भरते, दंडार होते, झाडीपट्टीची नाटके उभी राहतात. भाऊबीजेला ज्या बहिणीचे ताट तसेच राहते, तिने त्या रात्री नाटक पाहायला जावे, हे जसे गैर नाही, तसे तिने नाटकात उभे राहणेही गैर नाही. रामायणातला भरत १४ वर्षे पादुका समोर ठेवून थांबला, पण राज्याचे काम त्याने सोडले नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर मुळात शिक्षक, सारे त्यांना मास्तर म्हणत. नाटक आणि शाळा ही वेगळी खाती नाहीत, हे नागपूरला कुणी शिकवायला नको.

मात्र काही पथ्ये पाळावीत. अशा पोराला जवानाची भूमिका देऊन टाळ्या मिळवू नयेत. त्याने स्वतः मागितली तर गोष्ट वेगळी. निवेदकाने त्याच्या घरची कथा माईकवरून सांगू नये. त्याला उभे राहायचे नसेल तर पडदा ओढायचे काम द्यावे, तेही नाटकच. दहावीचे वर्ष असेल तर तालीम तासाभराची ठेवावी, बंद करू नये. आणि नाटक म्हणजे औषध नव्हे. पोर आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. घरच्या कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे बापासोबत एखाद्या जाणत्या सभासदाने जावे.

आपल्यातले बरेच सभासद शाळांच्या समित्यांवर आहेत. स्नेहसंमेलनाचा खर्च आला की पहिली कात्री नाटकावर चालते, हे आपण सारे जाणतो. यंदा ती चालवण्याआधी एवढा विचार करावा, की त्या पडद्यामागे एखादे पोर दिवसातला एकच तास मोकळा श्वास घेत असेल. चार हजारांचा मंडप थोडा लहान करा, पण नाटक होऊ द्या.

— ऊस विकास अधिकारी