किरणोपचारात हृदय सांभाळणार कोण?

बुलडाणा : डाव्या स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार करताना किरणांचा काही अंश लगतच्या हृदयावरही पडतो. हृदयाच्या स्नायुपेशी नष्ट झाल्यास त्यांची भरपाई जवळपास होत नाही. स्वीडन व डेन्मार्कमधील २१६८ महिलांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळणारी सरासरी मात्रा एक ग्रेने वाढल्यास हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा मूळ धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. हा धोका पहिल्या पाच वर्षांतच सुरू होऊन किमान २० वर्षे टिकतो.

या पेशी वाचविणारे खात्रीचे औषध अद्याप नित्य वापरात आलेले नाही. मात्र, रुग्णाने दीर्घ श्वास रोखून धरला असता किरणे दिल्यास फुगलेल्या फुफ्फुसांमुळे हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरते. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची प्रोटॉन उपचार सुविधा २०२३ मध्ये सुरू झाली. पण ती सर्वांच्या आवाक्यातील नाही. त्या तुलनेत श्वास रोखण्याची पद्धत स्वस्त आहे.

बुलडाण्याचे रुग्ण उपचारांसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठतात. हृदयाची तक्रार मात्र काही वर्षांनी चिखली वा मेहकरच्या डॉक्टरांपुढे येते. तेव्हा जुन्या किरणोपचाराची माहिती त्यांच्या हाती असतेच असे नाही. त्यामुळे घरी परतणाऱ्या रुग्णाच्या कागदांवर हृदयाला मिळालेली मात्रा नोंदविणे आणि रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉलची नियमित तपासणी होणे आवश्यक आहे. भीतीपोटी किरणोपचार टाळणे हा उपाय नव्हे. बहुसंख्य रुग्णांत त्यांचा लाभ धोक्यापेक्षा मोठा आहे.